पाच हॉर्सपॉवर वाढवायच्या आधी: सिंगल सिलेंडरच्या आत नेमकं काय झिजतं

मागच्या महिन्यात एका मित्राचा रात्री साडेदहाला फोन, "अरे गाडीला बिग बोअर किट, म्हणजे मोठा पिस्टन, टाकतोय, सीसी वाढणार, पिकअप वाढणार, कुंभार्ली घाटात ट्रकला मागे टाकताना आता जीव जातो रे." मी विचारलं गाडी चाललीय किती, म्हणाला ५२ हजार. ऑइल खाते का? "थोडंसं, हजार किलोमीटरला एखादा कप." एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला? यावर साहेब गप्प. मग तासभर बोलत बसलो आणि त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून काढतोय, कारण हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. मी इंजिनिअर नाही, पण दोन इंजिनं मिस्त्रीच्या शेजारी बसून उघडलेली बघितलीयत आणि त्यातलं एक माझ्याच आळसामुळे उघडावं लागलं होतं, त्याचं पुढे सांगतो.

सिंगल सिलेंडर म्हणजे एकच पिस्टन. फोर स्ट्रोकमधे क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने गोल फिरणारा दांडा, दोन वेळा पूर्ण फिरला की एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे चारातल्या एका खेपेत पिस्टन ढकलला जातो आणि उरलेल्या तीन खेपा तो जुन्या धक्क्याच्या उधारीवर काढतो. चार सिलेंडरवाल्यात कोणीतरी एकजण सतत काम करत असतो, इथे एकटाच कमावणारा आणि घर त्याच्यावर. म्हणून ती धडधड, म्हणून फिरण्याचा जोर साठवणारं जड फ्लायव्हील, म्हणून थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट. आणि म्हणूनच या इंजिनात जो काही बदल करू त्याचा भार वाटून घ्यायला दुसरं कोणी नसतं.

आता पिस्टनचं बघा. उदाहरणाला रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन घेऊ, २०१६ ला आलेली ४११ सीसीवाली, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांकडे तीच आहे आणि हे मॉडिफिकेशनचं खूळ पण तिच्यावरच जास्त. बोअर ७८ मिलीमीटर, म्हणजे सिलेंडरची रुंदी, आणि स्ट्रोक ८६, म्हणजे पिस्टन वरपासून खालपर्यंत किती अंतर जातो ते. पूर्ण ताकद साडेसहा हजार आरपीएमला, म्हणजे क्रँकच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या झाल्या की, मिळते, साधारण २४ हॉर्सपॉवर. साडेसहा हजार आरपीएमला पिस्टन सेकंदाला २१६ वेळा पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो, २१६ वेळा! एसटीत उभं असताना ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की आपण कसे पुढे जातो, तसं हे एका सेकंदात दोनशे वेळा, आणि पिस्टनला धरून ठेवायला फक्त एक पिन आणि एक कनेक्टिंग रॉड. वरच्या टोकाला तो जो झटका बसतो तो गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पटींच्या वर असतो. समजा पिस्टन, त्याच्या भोवतीच्या रिंगा, पिन सगळं मिळून ४०० ग्रॅम धरलं, तर तेवढ्याशा वजनाला उलटं फिरवायला रॉडवर जवळपास एक टनाची ओढ पडते.

यातली मेख अशी की ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. म्हणजे ईसीयू (इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर) रीमॅप करून रेव्ह लिमिट, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, ६५०० वरून ७५०० वर नेली तर आकडा १५ टक्क्यांनीच वाढला असं वाटतं पण रॉडवरची ओढ ३३ टक्क्यांनी वाढते. आठ हजारला नेलं तर दीडपट. "थोडीशीच लिमिट वाढवलीय" म्हणणाऱ्याला हे कोणी सांगत नाही, कारण गाडी लगेच मरत नाही, बेअरिंग गुपचूप मार खात राहतं आणि सहा महिन्यांनी खालून ठकठक सुरू होते.

मग लोक म्हणतात केटीएम ३९० तर नऊ हजारला पळते, तिला का नाही काही होत? याचं उत्तर स्ट्रोकमधे. जुन्या ३७३ सीसीवाल्या ३९० ॲडव्हेंचरचा बोअर ८९ आणि स्ट्रोक फक्त ६०. पिस्टन रुंद पण धावायचं अंतर कमी. पिस्टनचा सरासरी वेग काढायचा हिशोब सोपा आहे, स्ट्रोक गुणिले दोन गुणिले आरपीएम भागिले साठ. तो केला तर केटीएमचा पिस्टन ९००० ला सेकंदाला १८ मीटर धावतो आणि ४११ चा पिस्टन ६५०० ला साडेअठरा मीटर. म्हणजे कानाला जी गाडी निवांत वाटते तिचा पिस्टन किंचाळणाऱ्या गाडीपेक्षा जोरात पळतोय. पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा मला खरंच वाटलं कॅल्क्युलेटर चुकलं. लाँग स्ट्रोक इंजिन हे खालच्या आरपीएमला ओढायला बनवलेलं असतं, तीच तिची गंमत, तिला वर पळवणं म्हणजे बैलाला शर्यतीच्या घोड्यासोबत उभं करणं.

बरं कंपनीला स्वतःला ताकद वाढवायची होती तेव्हा त्यांनी काय केलं ते बघा. २०२३ च्या शेवटी हिमालयन ४५० आली. सीसी ४११ वरून ४५२, म्हणजे जेमतेम दहा टक्के जास्त. पण हॉर्सपॉवर साधारण २४ वरून ४०. मग ही जास्तीची ताकद आली कुठून? स्ट्रोक ८६ वरून साडेएक्याऐंशीवर आणला आणि बोअर ७८ वरून ८४ केला, म्हणजे आरपीएम ८००० पर्यंत नेता आलं. हवा आत-बाहेर सोडणाऱ्या दोन व्हॉल्व्हचे चार केले आणि वर ते उघडणारे दोन कॅमशाफ्ट, म्हणजे त्या आरपीएमला श्वास घेता यावा. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ९.५ वरून ११.५. आणि हे सगळं केल्यावर उष्णता वाढणार म्हणून पाण्याचं कूलिंग. गिअर पाचाचे सहा. म्हणजे सोळा हॉर्सपॉवरसाठी कंपनीने जुन्या इंजिनाचा एकही महत्त्वाचा भाग तसाच ठेवला नाही, नवीन इंजिनच बनवलं. आणि आपण म्हणतो पिस्टन आणि सायलेन्सर बदलला की काम झालं.

बिग बोअर किट म्हणजे सिलेंडर रुंद करून मोठा पिस्टन. समजा ७८ चा ८३ केला तर ८६ च्या स्ट्रोकवर ४६५ सीसी होतात, १३ टक्के वाढ, आणि खालच्या आरपीएमचा जोर खरंच वाढतो, हे मान्य. चांगल्या हातांनी केलेलं किट मजा देतं, मी चालवून बघितलंय. पण पिस्टन मोठा म्हणजे बहुतेक वेळा जड, म्हणजे ती एक टनाची ओढ आणखी वाढली. बॅलन्सर शाफ्ट जुन्या वजनाला जुळवलेला, म्हणून थरथर बदलते. सिलेंडरची भिंत पातळ झाली, ती गरम झाल्यावर सगळीकडून सारखी फुगत नाही. जास्त पेट्रोल जळणार म्हणजे जास्त उष्णता, ती बाहेर टाकायला तेच जुने पंख आणि तोच छोटा ऑइल कूलर, आणि संध्याकाळी सात वाजता स्वारगेटच्या सिग्नलला वारा नसतो. त्यापुढे क्लच प्लेटा, गिअर, चेन हे सगळं जुन्या टॉर्कच्या हिशोबाने बनवलेलं. ताकद वाढवली की जो भाग सगळ्यात कमजोर तो आधी बोलतो, तो बदलला की पुढचा नंबर लागतो, असं हे खातं कधी बंद होत नाही.

कॉम्प्रेशन वाढवणं हा आणखी एक प्रकार. हवा-पेट्रोल जास्त दाबलं की स्फोट जोरात होतो, हिशोब बरोबर आहे, पण दाबलं की ते गरम पण होतं आणि एका मर्यादेनंतर स्पार्कने लावलेली आग पसरायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप फुटतं. त्याला नॉकिंग म्हणतात, चढावर जोर दिला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो तो हाच. पिस्टनच्या दोन रिंगांमधली पातळ कड यानेच तुटते. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे, इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करतं ही त्याची चांगली बाजू, पण त्यात ऊर्जा कमी असते आणि ते जळायला हवा पण कमी लागते, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढवावं लागतं. ऑक्सिजन सेन्सरवालं फ्युएल इंजेक्शन ते बऱ्यापैकी सांभाळून घेतं, जुनी कार्बोरेटरवाली गाडी मात्र सांभाळत नाही, ती लीन चालते म्हणजे पेट्रोल कमी हवा जास्त, आणि लीन म्हणजे गरम. त्यात तुम्ही फ्री फ्लो फिल्टर आणि रिकामा सायलेन्सर लावला असेल तर आगीत तेलच.

फिल्टर, सायलेन्सर आणि मॅप या तीन गोष्टींवर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. माझं मत, ४०० सीसीच्या आतल्या गाडीवर दोन-तीन हॉर्सपॉवर मिळाली तरी पुष्कळ, बाकी सगळा आवाज. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, हे कानाचं काम, इंजिनाचं नाही. आणि पोलीस ते सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून वरून रोलर फिरवतात, ते व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलेत.

एअर बॉक्सचं झाकण कापणारे पण असतात, जास्त हवा यावी म्हणून. त्यांनी जुलैत एकदा कोकणात यावं. ओढा ओलांडताना पाणी आत गेलं तर ते दाबलं जात नाही, हवा दबते, पाणी नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो, आणि रॉड वाकतो. कंपनीने नळी उंचावर आणि वाकडी ठेवलेली असते ती काही उगाच नाही.

आता माझी गोष्ट, आणि हा भाग नीट वाचा कारण माझ्या मते इंजिनं मॉडिफिकेशनने जेवढी मरतात त्यापेक्षा कितीतरी जास्त धुळीने मरतात. माझ्याकडे तेव्हा धुतल्या जाणाऱ्या कापडी फिल्टरचं वेड होतं. तेल लावायचा फिल्टर, एकदाच घ्या आणि आयुष्यभर वापरा. मी दोन उन्हाळे कच्च्या रस्त्यांवर फिरलो, जांभ्याच्या लाल रस्त्यावर पाच गाड्यांच्या मागे सहावी माझी, संध्याकाळी दातातसुद्धा माती. फिल्टर धुतला दोनदाच, त्यात एकदा तेल लावायचं विसरलो आणि एकदा बसवताना त्याची कड नीट बसली नव्हती हे मला नंतर कळलं. गाडी निळा धूर मारायला लागली तेव्हा मिस्त्रीने हेड काढलं, सिलेंडरमधे वरच्या बाजूला नख फिरवलं आणि मला म्हणाला, "तू फिरव." नख अडकलं. तिथे चक्क पायरी झाली होती. मग त्याने फिल्टरच्या मागच्या नळीत पांढरं फडकं फिरवून दाखवलं, लालभडक. पुढे काही बोलायची गरज नव्हती.

ती पायरी का होते? पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो. धावताना रिंग आणि भिंत यांच्यामधे तेलाचा पातळ थर असतो आणि रिंग त्यावर तरंगते, पण थांबली की तो थर तुटतो, आणि नेमकं तिथेच दाब आणि उष्णता सगळ्यात जास्त. त्यात धूळ आली की संपलं. धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते लोखंडापेक्षा कडक. मोठे खडे फिल्टर अडवतोच, जे डोळ्याला दिसत नाहीत आणि त्या तेलाच्या थराच्या जाडीएवढेच असतात ते खरे चोर, ते मधे अडकतात आणि पाट्यावर वरवंटा फिरावा तसे दोन्ही बाजू घासत राहतात. तेलात मिसळून तेच कण खाली बेअरिंगपर्यंत जातात. शिवाय पेट्रोल पेटल्यावर रॉड तिरका असतो म्हणून पिस्टन एका बाजूला रेलतो, त्यामुळे सिलेंडर एकाच बाजूने जास्त झिजून गोलाचा अंडाकार होतो. अशा सिलेंडरमधे नुसत्या नवीन रिंगा टाकल्या तर गोल रिंग अंड्यात बसत नाही आणि वरची रिंग त्या पायरीवर आपटून तुटू शकते. "रिंगा टाकून दे भाऊ, स्वस्तात होईल" हे स्वस्त पडत नाही ते यामुळे. लोखंडी लायनर असेल तर रीबोअर करून, म्हणजे आतून कातून, ओव्हरसाइज म्हणजे थोडा मोठा पिस्टन बसतो, केटीएमसारखं निकासिलचं पातळ कडक कोटिंग असेल तर तेही नाही, सिलेंडरच बदलायचा.

तेव्हापासून माझ्या गाडीत साधा कागदी फिल्टर आहे, धुळीच्या ट्रिपनंतर लगेच उघडून बघतो आणि बसवताना रबराच्या कडेला बोटभर ग्रीस लावतो. एवढंच माझं परफॉर्मन्स अपग्रेड.

ऑइलबद्दल लोक भांडतात त्यात मला पडायचं नाही, पण एक गोष्ट. कारमधे गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं. आपल्या गाडीत तेच एक-दोन लिटर तेल पिस्टनला, गिअरला आणि ओल्या म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचला, सगळ्यांना पुरवायचं. गिअरचे दात तेलातल्या रेणूंच्या लांब साखळ्या अक्षरशः चिरडून तोडतात आणि ५० ग्रेडचं घट्ट तेल हळूहळू पातळ होत जातं. म्हणून काळं झालं नाही म्हणजे चांगलं आहे असं नसतं. आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए टू हे ओल्या क्लचसाठीचं मानक लिहिलेलं बघा, कारचं घसरट तेल टाकलं तर क्लच सटकतो. त्यात गाडी ऑइल खात असेल तर दोन लिटरमधलं अर्धा लिटर गेलं म्हणजे पाव भाग गेला. लांबच्या ट्रिपला रोज सकाळी गाडी सरळ उभी करून लेव्हल बघायची, चहा येईपर्यंत होतं.

चालवण्यातून होणारी झीज पण सांगतो थोडक्यात. सकाळी सुरू करून लगेच पिळणं वाईट हे सगळ्यांना माहितीये. पण उलटी चूक जास्त होते, चौथ्या गिअरमधे पस्तीसच्या वेगाने घाट चढवणं, गाडी ढग ढग करते आणि आपल्याला वाटतं वा काय टॉर्क आहे. कमी आरपीएमला ऑइल पंप पण हळू फिरतो आणि प्रत्येक धक्का मोठा, तो सरळ बेअरिंगवर आणि चेनवर. खाली गिअर टाका, इंजिन मोकळं फिरू द्या. घाटात जोर कमी पडतो हीच तक्रार असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय पुढचं स्प्रॉकेट, १५ दातांचं १४ केलं की चाकाला जवळपास सात टक्के जास्त जोर, बदल्यात हायवेला तोच वेग थोड्या जास्त आरपीएमला. इंजिन उघडावं लागत नाही, आणि नाही आवडलं तर अर्ध्या तासात परत जुनं.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक वाक्य, खारदुंग ला साधारण ५,३५९ मीटरवर आहे, पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असलं तरी, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर, म्हणजे तुमची २४ हॉर्सपॉवर तिथे १३ च्या आसपास. सगळ्यांचीच. तिथे गाडी मेली म्हणून मोठं किट टाकायचं ठरवू नका, हवाच नाही तर किट काय करणार.

बाहेरच्या लोकांकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. कावासाकीची केएलआर ६५० ही १९८७ पासूनची मोठी सिंगल, अमेरिकेतले लोक तिच्यावर जगभर फिरले. तिच्या बॅलन्सरच्या चेनला ताण देणारा एक छोटा लिव्हर आणि स्प्रिंग कमजोर, तुटला तर तुकडे इंजिनात. तिथल्या रायडर लोकांनी त्याला नावच ठेवलं डूहिकी, म्हणजे आपल्या भाषेत "ते काय ते". त्या गाडीचं सगळ्यात प्रसिद्ध अपग्रेड म्हणजे हा लिव्हर बदलणं. त्याने पाव हॉर्सपॉवर पण वाढत नाही. त्याच गाडीला ६८५ सीसीचं किट पण मिळतं आणि ऑइल खाणाऱ्या गाड्यांना लोक ते बसवतात, कारण सिलेंडर नाहीतरी रीबोअर करायचाच असतो, मग चांगला पिस्टन टाकून घेऊ. हा विचार मला पटतो. इंजिन उघडायची वेळ आलीच असेल तर तेव्हा बघू.

तर मित्राला मी सांगितलं की किट मागवायच्या आधी लीकडाऊन टेस्ट कर. पिस्टन वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलच्या बाजूने आली तर इनलेट, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा आणि सिलेंडर. साध्या कॉम्प्रेशन गेजवर फार विसंबू नको, बऱ्याच सिंगलमधे स्टार्ट सोपा व्हावा म्हणून थोडा दाब सोडून देणारा डीकॉम्प्रेसर असतो, तो आकडा मुद्दाम कमी दाखवतो आणि आपण उगाच घाबरतो. धुराचं पण लक्षात ठेव, ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर म्हणजे बहुतेक रिंगा, उतारावर थ्रॉटल सोडून परत दिल्यावर भपका आला तर व्हॉल्व्हचे सील. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा, गॅप पण बघून घे, आवाज येत नाही म्हणजे गॅप बरोबर असं नाही, उलट एक्झॉस्टचा गॅप कमी होत होत बंद झाला की आवाज जातो आणि व्हॉल्व्ह जळतो. खडखडणारा टॅपेट परवडला.

रविवारी त्याने टेस्ट केली. ऑइलच्या झाकणातून हवा, हाताला जाणवण्याइतकी. व्हॉल्व्ह ठीक निघाले, टॅपेटचे गॅप मात्र दोन्ही घट्ट होते. किटची ऑर्डर तूर्त थांबवलीय, कागदी फिल्टर आणि १४ दातांचं स्प्रॉकेट आणलंय, आणि सिलेंडर लेथवाल्याकडे दिलाय. पहिल्या ओव्हरसाइजला बसतोय का ते माप घेतल्यावर कळेल, लेथवाला म्हणाला गुरुवारी या, म्हणजे शनिवार धरायचा.